सोलापूरचं सेरेंगेटी

मुलांनो, आफ्रिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? नजर पोचेल तिथवर पिवळं गवत, मधूनच एखादं बाभळीसारखं झाड, आणि धूळ उडवत धावणारे प्राण्यांचे कळप. टीव्हीवर हे सगळं तुम्ही कितीदा तरी पाहिलं असेल. हे दृश्य बहुतेक वेळा पूर्व आफ्रिकेतल्या टांझानिया देशाचं असतं. पण असाच एक माळ आपल्या सोलापूर शहरापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? बार्शी रस्त्याला लागा, नान्नज गाव येईल. तोच तो माळ!

आधी जरा टांझानियाची ओळख करून घेऊ. १९६४ साली टांगानिका आणि झांझिबार एकत्र आले आणि हा देश झाला. आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर, ५,८९५ मीटर उंचीचं किलिमांजारो, याच देशात. आणि सेरेंगेटीही इथलंच. हे नाव मासाई लोकांच्या भाषेतल्या शब्दावरून आलं. त्याचा अर्थ, जिथे जमीन संपतच नाही असा माळ. १९५१ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि त्यांच्या जोडीला लाखो झेब्रे दरवर्षी पावसाच्या मागोमाग तिथे फिरत असतात.

आता एक कोडं. सेरेंगेटीच्या दक्षिणेकडच्या मोठ्या पट्ट्यात झाडं जवळजवळ नाहीतच. कुणी तोडली? कुणीच नाही! जवळच्या ज्वालामुखींची राख त्या जमिनीवर पडत गेली. मातीखाली तिचा टणक थर जमला. झाडांची मुळं त्यातून खाली जात नाहीत. गवताला मात्र वरची थोडी माती पुरते.

आपल्याकडेही गोष्ट ज्वालामुखीचीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला आणि दख्खनचं पठार झालं. नान्नजच्या माळावर कुदळ मारून पाहा. वीतभर मुरमाड माती, की लगेच खडक! त्यात पाऊस कमी. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि सोलापूरच्या वाट्याला वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस येतो. अशा जागी घनदाट जंगल कसं वाढणार? इथे कुसळी, पवन्या अशी गवतंच राज्य करतात.

गवत आलं की गवत खाणारे आले. नान्नजला काळविटांचे कळप दिसतात. पिळदार शिंगांचा, काळ्या पाठीचा तो नर. मादी तपकिरी, बिनशिंगांची. त्यांच्या मागावर लांडगा. शिवाय खोकड, तरस, ससे, जमिनीवर तुरुतुरु धावणारा धाविक पक्षी, आणि थंडीत मध्य आशियातून येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी. सेरेंगेटीत मासाई गुरं राखतात, तर इथे खांद्यावर घोंगडी टाकलेले धनगर मेंढरं राखतात.

चित्तासुद्धा एकेकाळी आपल्या माळांवर होता बरं का! कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे. पुढे भारतात चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा ते आफ्रिकेहून आणवले गेले. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचं सरकारने जाहीर केलं. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनो इथे पुन्हा चित्ते सोडले, तेही आफ्रिकेचेच.

पण नान्नजचं नाव जगभर झालं ते माळढोक पक्ष्यामुळे. उंची जवळजवळ मीटरभर, आणि नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. म्हणजे तुमच्या छोट्या बहिणीएवढा पक्षी, आणि तो उडतो! विणीच्या हंगामात नर गळ्याची पिशवी फुगवून ती खाली लोंबू देतो, शेपटी उभारतो आणि घुमल्यासारखा खोल आवाज काढतो. मादी उघड्या जमिनीवर घालते अंडं, बहुधा एकच. टोळ, भुंगे, सरडे, बोरं, ज्वारीचे दाणे हे त्यांचं खाणं. सेरेंगेटीत याचा सख्खा चुलतभाऊ राहतो, त्याचं नाव कोरी. दोघांना शेजारी उभं केलं तर ओळखताना तुमची गंमत होईल!

१९७२ साल आठवतं का, म्हणून आजीला विचारा. महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचं ते साल. त्याच वर्षी बी. एस. कुलकर्णी या निसर्गप्रेमींनी नान्नजच्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. १९७९ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र किती? सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर! त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. जमिनीचे व्यवहार अडले, विहिरीपासून कारखान्यापर्यंत परवानग्यांची कटकट सुरू झाली. लोक पक्ष्यावरच चिडले. शेतकऱ्याचं तरी काय चुकलं? सेरेंगेटीतही १९५९ मध्ये मासाईंना आपली चराऊ जमीन सोडून जावं लागलं होतं. नान्नजचं अभयारण्य मात्र पुढे कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं.

तोवर उशीर झाला होता. १९८० साली भीमेवर उजनी धरण पुरं झालं. पाणी आलं, घरात चार पैसे आले, ही चांगलीच गोष्ट. पण ज्वारी-भुईमुगाच्या जागी डोक्याएवढा ऊस उभा राहिला. माळढोकाला चारी बाजूंनी लांबवर दिसायला हवं, उसात तो राहत नाही. उरलेल्या माळांना आपण ‘पडीक’ म्हणालो. कुणी नांगरले, कुणी तिथे झाडं लावली. विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही. तो तारांवर आपटतो.

आज नान्नजला माळढोक दिसणं म्हणजे नशीबच. गणतीत कधी एखादा सापडतो, कधी तोही नाही. साऱ्या भारतात मोकळे राहणारे माळढोक दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरलेत, बहुतेक राजस्थानात. तिथे जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवली जातायत. ही पिल्लं मोठी होतील, कदाचित उद्या काही सोलापूरलाही आणता येतील. पण सोडायचं कुठे? त्यासाठी माळ शिल्लक हवा ना!

म्हणून पावसाळा सरता सरता आईबाबांबरोबर नान्नजला जरूर जा. सकाळी लवकर निघा, वन खात्याच्या लोकांना विचारूनच आत शिरा. भडक कपडे नकोत, आरडाओरडा तर नकोच. वहीत टिपून ठेवा: काळवीट किती, पक्षी कोणते, गवत केवढं. आणि परतताना गाडीत कुणी म्हणालं, “इथे काय आहे बघण्यासारखं? नुसता पडीक माळ!”, तर ती वही त्यांच्या हातात द्या.