पिचरची पाळी

२०२२ साली बेसबॉलच्या नॅशनल लीगनेही डीएच (डेझिग्नेटेड हिटर) कायमचा स्वीकारला. पिचरऐवजी दुसराच बॅट धरणार, मग डबल स्विच कशाला? शिकागोच्या रिग्ली फील्डवर वही मांडीवर घेऊन हाताने स्कोअर लिहिणाऱ्या मला ते फार लागलं.

डबल स्विच असा: समजा, सातव्या क्रमांकाचा लेफ्ट फील्डर इनिंगचा शेवटचा आउट झाला. पुढच्या इनिंगला आठवा येणार, लगेच नववा, म्हणजे पिचर. मॅनेजरला ताजा पिचर दोन इनिंग हवाय, पण त्याची बॅटिंग नकोय. मग तो लेफ्ट फील्डरही बदलतो. नवा लेफ्ट फील्डर नवव्या जागी, नवा पिचर सातव्या. आता पिचरआधी आठ जण येतील. वहीत नवव्या ओळीखाली ७ (लेफ्ट फील्डर), सातव्या ओळीखाली १ (पिचर).

पण काढायचं कुणाला? मी अजून इथेच अडतो. नुकताच आउट झालेला सोयीचा, त्याची पाळी सर्वांत लांब. पण तो पाचव्या क्रमांकाचा खंदा फलंदाज असला तर? बाहेर गेलेला परत येत नाही. नऊ इनिंगनंतरही बरोबरी राहिली, की त्याच पाचव्या जागी पिचर उभा, नाहीतर बाकावरचा आणखी एक माणूस खर्ची. मग त्याच्याऐवजी बॅटीने दुबळा शॉर्टस्टॉप काढावा? पण तो संघात असतो तोच मुळी क्षेत्ररक्षणासाठी, आणि आघाडी टिकवताना तेच लागतं.

नियमाने ही अदलाबदल बुलपेनकडे, म्हणजे राखीव पिचरकडे, हात करण्याआधी प्लेटच्या अंपायरला सांगावी लागते. हात केला की पिचर बदलला, मग क्रम हलवता येत नाही. मॅनेजर डगआउटमधून निघून अंपायरकडे वळेपर्यंत माझी पेन्सिल नेमक्या दोन ओळींवर टेकलेली असायची. शेजारच्यांनी ते पाहावं म्हणून मी वही जरा तिरकी धरायचो. पाहिलं की दिवस सार्थकी लागायचा.

अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून डीएच आहे. त्यांच्या सामन्यांची वही मला कायम अर्धी वाटत आली. मोबाइलवरचे स्कोअर तर बदल झाल्यावर कळवतात. बदलाआधीची घालमेल त्यांत नसते.

एक फट मात्र उरलीय. डीएचला मैदानात क्षेत्ररक्षणाला उतरवलं, की संघ डीएच गमावतो आणि पिचरला फलंदाजीच्या क्रमात यावं लागतं. म्हणून मी अजून प्रत्येक ओळीखाली जागा सोडतो, स्कोअर लिहायला शिकणाऱ्या नातीलाही सोडायला लावतो. कुणाला काढायचं, यावर ती ठाम आहे: शॉर्टस्टॉपला. मला ते पटत नाही.