झेंड्याकडून मागे

नाशिक

चि. सानिकास,


तुझं पत्र पोचलं. वी स्पोर्ट्समधल्या गोल्फचे पहिले सहा होल तुला आता सहज जमतात, पण शेवटचे तीन, म्हणजे एक्स्पर्टचे, सुरू झाले की चेंडू पाण्यात जातो आणि डाव हातचा जातो, असं तू लिहिलं आहेस. ‘मामा, अजून लांब कसं मारायचं?’ असं विचारलंस. लांब मारण्याएवढा जोर तुझ्या हातात आधीच आहे. तुला होल वाचायला शिकायचंय. या पत्रात तेवढंच सांगतो, पण नीट सांगतो, कारण हा खेळ मला मनापासून आवडतो आणि तो तुलाही उलगडावा असं फार वाटतं.

आधी हे होल आले कुठून ते ऐक. तू खेळतेस ते नऊच्या नऊ होल वी स्पोर्ट्स आलं तेव्हा, २००६ साली, नव्याने आखलेले नाहीत. निन्टेन्डोचा ‘गोल्फ’ नावाचा खेळ १९८४ साली आला, त्यातलेच हे होल. तो प्रोग्राम सातोरू इवाता या तरुणाने लिहिला होता. तेव्हा तो एचएएल लॅबोरेटरी नावाच्या एका छोट्या कंपनीत होता. इतर काही कंपन्यांनी हे काम नाकारलं होतं, कारण अठरा होल त्या काळच्या कॅसेटमध्ये मावणार नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. इवाताने माहिती दाबून बसवायची स्वतःची युक्ती काढली आणि अठराही होल बसवले. तुझ्या आईच्या मोबाइलमधला एक साधा फोटो जेवढी जागा खातो, त्याच्या कितीतरी कमी जागेत. पुढे २००२ साली हाच माणूस निन्टेन्डोचा अध्यक्ष झाला, आणि वी हे यंत्र त्याच्याच कारकिर्दीत निघालं.

आम्ही नव्वदच्या दशकात इकडे जो ‘व्हिडिओ गेम’ खेळायचो, तो बहुतेक घरांत निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल असे आणि एकाच कॅसेटमध्ये पुष्कळ खेळ भरलेले असत. त्यांत हा गोल्फही सापडायचा. मिशाळ माणूस, खाली जोराची पट्टी, बाजूला वरून दिसणारा नकाशा. बटण तीनदा दाबायचं: पहिल्यांदा काठी मागे न्यायला, दुसऱ्यांदा जोर ठरवायला, तिसऱ्यांदा चेंडूला नेमकं लागायला. तिसरा दाब चुकला की चेंडू डावी-उजवीकडे वळायचा. ‘एव्हरीबडीज गोल्फ’, ‘मारिओ गोल्फ’ असे नंतरचे कितीतरी खेळ याच तीन दाबांवर चालले. तुझ्या हातात बटणाऐवजी रिमोट आहे, पण तू उभी राहतेस ती मैदानं तीच आहेत.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की जिथे जागेची एवढी टंचाई होती, तिथे तळं किंवा वाळूचा खड्डा उगीच शोभेला टाकलेला नसतो. तो कुणाला तरी अडवण्यासाठी तिथे आहे. तेव्हा नवा होल समोर आला की पहिला प्रश्न हा विचार: हा बंकर कुणासाठी? बहुतेक वेळा उत्तर मिळेल, की टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, डोळे मिटून सगळा जोर लावणाऱ्यासाठी. चेंडू जिथे सगळ्यांत सहज पडला असता, आखणाऱ्याने तिथेच अडथळा ठेवलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. होल टीपासून झेंड्याकडे खेळायचा, पण ठरवायचा झेंड्यापासून टीकडे.

म्हणजे काय ते हिशोबाने सांगतो. समज, होल ३६० यार्डांचा आहे. तुझा ड्रायव्हर २५० यार्ड जातो, आयर्नचा पूर्ण फटका १४० आणि वेजचा ७०. तू टीवर उभी राहून ड्रायव्हर पूर्ण मारलास, तर उरले ११०. हे अंतर ना आयर्नचं, ना वेजचं. आयर्न हलक्या हाताने मारावा लागणार, आणि रिमोटला अर्धवट फटका नीट कळत नाही हे तू अनुभवलंच असशील. हात जरा हळू फिरला तर चेंडू चार पावलं जातो, जरा जास्त फिरला की ग्रीनच्या पलीकडे. आता हाच होल उलटा मांड. ग्रीनवर मला आयर्नचा पूर्ण फटका हवा आहे, म्हणून झेंड्यापासून १४० यार्ड मागे खूण कर. तिथपर्यंत टीवरून २२० यार्ड. म्हणजे ड्रायव्हर मारायचा तो २२०चा. तू म्हणशील, हाही अर्धवटच झाला. बरोबर, पण तो पडणार आहे रुंद फेअरवेवर. तिथे दहा यार्ड मागेपुढे झाले तरी काही बिघडत नाही, ग्रीनवर मात्र दहा यार्डांनी सगळं बिघडतं. अर्धवट फटका घ्यायचाच असेल तर तो मोकळ्या जागेत घे, आणि अडचणीच्या जागेसाठी पूर्ण फटका राखून ठेव. या एका नियमावर तुझे दोन-तीन फटके वाचतील.

यासाठी नकाशा वापर. फटक्याच्या रेषेवर जी टिंबं दिसतात, ती जोराच्या पट्टीवरच्या खुणांशी जुळतात. दुसऱ्या टिंबावर पाणी आणि तिसऱ्यावर गवत असेल, तर किती जोर लावायचा हे तुला आधीच सांगून ठेवलेलं आहे. मग ए बटण न दाबता दोन-चारदा हात फिरवून बघ. तो सराव मोजला जात नाही, पट्टी मात्र खरा जोर दाखवते. हात त्या खुणेवर स्थिरावला की मगच ए धर. पट्टीच्या टोकापलीकडे जाऊन पट्टी लाल होऊ दिलीस, तर चेंडू भलतीकडेच वळतो. तुझे पाण्यात गेलेले चेंडू बहुधा इथेच गेले आहेत.

दुसरी गोष्ट, चुकायचं कुठे हे आधी ठरव. प्रत्येक फटका थोडाफार चुकतोच, अगदी मोठमोठ्या खेळाडूंचाही. ग्रीनच्या डावीकडे पाणी असेल, तर झेंड्यावर नेम धरू नकोस, ग्रीनच्या उजव्या अर्ध्यावर धर. नेम साधला तर एक लांब पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे लोटायचा फटका, उरेल, उजवीकडे चुकला तर चेंडू गवतात थांबेल, आणि डावीकडे चुकला तर झेंड्याजवळ जाईल. तिन्ही परिणाम चालण्याजोगे आहेत. झेंड्यावरच नेम धरलास तर तीनपैकी एक परिणाम पाण्यात आहे, आणि पाण्याला दंडाचा फटका आहे.

खऱ्या गोल्फमधलं एक उदाहरण सांगतो, ते विसरू नकोस. १९९९ सालची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी. फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्ड शेवटच्या होलवर आला तेव्हा तो तीन फटक्यांनी पुढे होता. चार पारचा, म्हणजे चार फटक्यांत अपेक्षित असलेला, होल सहा फटक्यांत पुरा केला असता तरी तो विजेता ठरला असता. छोटे-छोटे फटके मारत, ओढ्याच्या अलीकडे थांबत जायला त्याच्याकडे भरपूर वाव होता. त्याने टीवर ड्रायव्हर घेतला. चेंडू उजवीकडे गेला, तरी वाचला. मग त्याने पुन्हा लांब फटका घेतला. तो प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळून मागे उंच गवतात आला. तिथून पुढचा चेंडू बॅरी बर्न नावाच्या ओढ्यात गेला. बूट-मोजे काढून तो पाण्यात उतरला, तिथून खेळावं का याचा विचार केला आणि शेवटी दंड घेतला. त्यानंतर बंकर. होल सात फटक्यांत संपला, बरोबरी झाली आणि प्ले-ऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. व्हान द व्हेल्ड कसलेला खेळाडू होता, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाअखेर तो सगळ्यांच्या पुढे होता. पण त्या होलवर आपल्याला कमीत कमी काय पुरेसं आहे, हा प्रश्न निवडीच्या वेळी मागे पडला. तू प्रत्येक टीवर हा प्रश्न स्वतःला मोठ्याने विचार. बर्डी हवी आहे, की पार चालेल, की बोगीनेही भागेल? उत्तर बदललं की काठी बदलते.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. चेंडू जितका उंच आणि जितका वेळ हवेत, तितकं त्याला वाऱ्याचं ऐकावं लागतं. पटला वारा लागत नाही, म्हणून ग्रीनवर त्याचा विचार सोडून दे. बाजूचा वारा असेल तर वारा जिकडून येतो तिकडे नेम सरकव आणि चेंडू वाऱ्यालाच परत आणू दे. मनगट वळवून वाऱ्याशी भांडू नकोस, कारण मग एकाच फटक्यात दोन गोष्टी अनिश्चित होतात. समोरून वारा असेल तर चेंडू कमी जाईल हे धरून अंतर मोज.

ग्रीनवर पोचण्याआधीच ग्रीनचा विचार सुरू व्हायला हवा. जुन्या ‘गोल्फ’मध्ये ग्रीनवर बाण काढलेले असत, उतार कुठे आहे ते सांगणारे. तुझ्याकडेही उतार बघायची सोय आहे. चढावरचा पट सोपा असतो: जोर जरा जास्त झाला तरी चेंडू फार लांब जात नाही. उतारावरचा पट हलकासा लागला तरी घरंगळत पलीकडे जातो. म्हणून ग्रीनवर येणारा फटका असा टाक, की चेंडू होलच्या खालच्या अंगाला थांबेल. झेंड्यापासून वरच्या बाजूला सहा फूट राहण्यापेक्षा खालच्या बाजूला दहा फूट राहणं मला केव्हाही पसंत आहे. आणि लांब पट असेल तेव्हा तो एकात घालायचा हट्ट सोड. पहिल्या पटने चेंडू होलजवळ आणून ठेव, दुसऱ्याने आत घाल. तीन पट लागू द्यायचे नाहीत, एवढं ध्येय पुरे.

आता तो शेवटचा, बेटांचा होल. पाण्यात तुटक-तुटक जमिनी दिसल्या की छाती धडधडते, हे मला कळतं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टीपीसी सॉग्रास नावाचं मैदान आहे, १९८० साली सुरू झालेलं, पीट डाय यांनी आखलेलं. त्याचा सतरावा होल जगभर ओळखला जातो, कारण त्याचं ग्रीन जवळजवळ चहूबाजूंनी पाण्यात आहे. तिथली वाळू इतर होलसाठी उपसून नेल्यावर मोठा खड्डा उरला आणि डाय यांच्या पत्नी ॲलिस यांनी बेटाची कल्पना सुचवली. तो होल जेमतेम १३७ यार्डांचा आहे. एवढा फटका व्यावसायिक खेळाडू रोज सरावात डोळे झाकून मारतो. तरी तिथे दरवर्षी नामांकितांचे चेंडू बुडतात. अंतर तेच असतं. मनातली भीती हातात उतरते आणि हात घाई करतो. तुझ्या बेटांचंही तसंच आहे. पाणी नकाशावरून मनातल्या मनात पुसून टाक आणि विचार कर: हे एवढं अंतर मोकळ्या मैदानावर असतं तर मी कुठली काठी घेतली असती? तीच घे, तितक्याच जोराने. आणि कुठल्या बेटावरून कुठल्या बेटावर जायचं, हे झेंड्याकडून मागे मोजत ये. शेवटच्या बेटावर पूर्ण फटक्याने पोचता येईल असं बेट आधी शोध, मग त्याच्या अलीकडचं. थेट पल्ला मारायचा मोह होईल. एक फटका वाचवायला तू किती फटके पणाला लावते आहेस, ते आधी मोज.

सरावाचंही सांगतो. ट्रेनिंगमध्ये गोल्फचे तीन प्रकार आहेत: पटिंगचा, ग्रीनवर चेंडू टाकण्याचा आणि नेम साधण्याचा. त्यांतला ग्रीनवर चेंडू टाकण्याचा सराव तू सगळ्यांत जास्त कर, कारण वारा आणि जोर या दोन्हींचा मेळ तिथे एकाच फटक्यात बसवावा लागतो. पूर्ण डाव खेळताना मात्र प्रत्येक होलनंतर रिमोट खाली ठेव आणि कागदावर एकच ओळ लिही: कुठे उभं राहायचं ठरवलं होतं आणि कुठे पोचले. गुण लिहू नकोस. गुण यंत्र लिहितंच.

या खेळाची मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की तो घाई करत नाही. समोरून कोणी चेंडू फेकत नाही, घड्याळ धावत नाही. चेंडू जमिनीवर निवांत पडलेला असतो आणि तू हवा तितका वेळ विचार करू शकतेस. एवढी मोकळीक देणारे खेळ थोडे आहेत. ती घे. विचार करायला मिळालेला वेळ हीसुद्धा तुझ्याकडची एक काठीच आहे, आणि सध्या तू ती पिशवीतून बाहेरच काढत नाहीस.

तेव्हा पुढचं पत्र लिहिण्याआधी एवढं कर. नववा होल खेळू नकोस, नुसता उघडून नकाशा बघ. कागदावर तो काढ, आणि झेंड्यापासून सुरुवात करून मागे-मागे खुणा करत टीपर्यंत ये. प्रत्येक खुणेजवळ कुठली काठी, किती जोर आणि चुकलं तर चेंडू कुठे पडलेला चालेल, हे लिही. तो कागद मला पाठव. मी त्यावर माझ्या खुणा करून परत पाठवीन आणि जिथे आपलं जुळणार नाही तिथे तू माझ्याशी भांड. मग तो होल खेळ.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. अभ्यास सांभाळून खेळ.

तुझा,
मामा