शेगडीचा धूर आणि अम्मींची जागा

बकरी ईदला कुर्बानीच्या गोश्ताचे तीन हिस्से झाले, नातेवाइकांचा आणि गरिबांचा हिस्सा पोहोचला, की घरच्या हिश्श्यातून सीखकबाब होतातच. आमच्याकडे त्यासाठी अब्बांच्या वेळची लोखंडी शेगडी आहे. दोन फूट लांब, नऊ इंच रुंद, खाली हवेसाठी भोकं. कबाब चांगले होत, पण धूर फार. अम्मींना दमा आहे. शेगडी पेटली की त्या आतल्या खोलीत दार लावून बसत आणि कबाब थंड झाल्यावर त्यांच्यापर्यंत जात. ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांसाठी खिमा कालवला, त्यांनीच ईदच्या दिवशी एकटं जेवायचं, हे मनाला पटत नव्हतं.

कबाब बंद करणं हा काही उपाय नव्हे. म्हणून धूर येतो कुठून, ते आधी पाहिलं. कोळसा नीट पेटून त्यावर राखेचा पांढुरका थर आला की तो जवळजवळ धूर देत नाही. धूर होतो तो खिम्यातली चरबी निखाऱ्यांवर ठिबकते त्याचा. तीच भडकली की कबाब बाहेरून काळा होतो आणि आतून कच्चा राहतो.

मग लोहाराकडून तीन कामं करून घेतली. शेगडीच्या कडा दोन इंच उंच केल्या. खालच्या भोकांवर सरकती पट्टी बसवली, म्हणजे हवा कमी-जास्त करता येते. आणि साध्या लोखंडी पत्र्याचं झाकण केलं, सीखांचे दांडे बाहेर राहावेत म्हणून कडेला खाचा ठेवून. झाकणाच्या एका टोकाला एक भोक आहे. जस्ताचा पत्रा मात्र घेऊ नये. तापल्यावर त्याची वाफ अपायकारक असते. रंगवलेला डबाही नको.

आता निखारे फक्त एका टोकाला ठेवतो. उरलेल्या जागेत बोटभर पाण्याची स्टीलची थाळी. सीख त्या थाळीवर, झाकणाचं भोकही त्याच बाजूला. त्यामुळे गरम हवा कबाबांवरून फिरून बाहेर पडते आणि चरबी पाण्यात पडते. दहा-बारा मिनिटं झाकून, मध्ये एकदा फिरवून, शेवटी मिनिटभर निखाऱ्यांवर रंग येऊ द्यायचा. एक कबाब मोडून पाहायचा. आत खिमा गुलाबी दिसला तर पुन्हा झाकायचा. काम झालं की पट्टी आणि झाकणाचं भोक बंद करायचं. हवा तुटली की कोळसा विझतो आणि उरलेला पुन्हा वापरता येतो.

धूर पूर्ण गेला नाही, पण खूप कमी झाला. त्या ईदला अम्मी अंगणात, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, खुर्ची टाकून बसल्या. सीखेवरून उतरलेला पहिला गरम कबाब त्यांना दिला. खाऊन म्हणाल्या, “मीठ जरा कमी आहे.” अल्हम्दुलिल्लाह, असा दोष ऐकायला आम्ही आतुरच होतो.

एक गोष्ट आवर्जून सांगायची. धूर दिसत नाही म्हणून शेगडी घरात किंवा बंद गॅलरीत आणू नये. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपेतच माणसाचा जीव घेऊ शकतो. पाऊस असेल तर त्या दिवशी कबाब तव्यावर करावेत. कोळशाचा स्वाद हवाच असेल तर धुनीसाठी एक छोटा निखारा पुरतो, तोही खिडक्या उघड्या ठेवून आणि नंतर लगेच बाहेर नेऊन.

शोरबा करताना पाणी वाढवा आणि शेजाऱ्यांनाही द्या, अशी ताकीद पैगंबर (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना केली होती. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. आमच्या शेगडीचा धूर इतकी वर्षं शेजारच्या खिडकीतही जात होता. त्यांनी कधी तक्रार केली नाही. यंदा त्यांच्या घरी कबाबांची थाळी गेली, आणि खिडकी उघडीच होती.