दुर्गा आणि सुमती

माझी आई माहेरची दुर्गा, सासरची सुमती. २०१० सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं 'आधार'चा पहिला क्रमांक दिला गेला. पुढें बारा आंकड्यांची ती ओळख आमच्याही घरीं आली. अर्ज भरतांना मीं विचारलें, "कोणतें नांव लिहूं?" शाळेच्या दाखल्यावर दुर्गा होती, बँकेच्या पुस्तकावर सुमती, अर्जांत जागा एकाच नांवापुरती. आई क्षणभर थांबून म्हणाली, "दुर्गा म्हणून हांक मारणारें आतां कोण उरलें आहे? लिही सुमती."

बोटांचे ठसे घेतले गेले, बुबुळांचें चित्र घेतलें गेलें. सोय झाली, हें मी नाकारीत नाहीं. पण अजून केव्हां केव्हां मी तिला थट्टेनें "दुर्गाबाई" म्हणतों, आणि ती क्षणभर माहेरीं जाऊन येते.