ठेका आणि खाली ठेवलेले डफडे

लय ही सार्वत्रिक असते, ती भाषा, देश आणि जात यांच्या पलीकडची असते, असे विधान संगीताच्या आस्वादाविषयी बोलताना फार सहजपणे केले जाते. अकोल्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या एका प्राध्यापकांना हे विधान बराच काळ मान्य होते. लॅटिन जॅझशी त्यांची ओळख झाली ती नव्वदीच्या दशकात, परदेशी स्थायिक झालेल्या एका विद्यार्थ्याने आणून दिलेल्या ध्वनिफितीमुळे. तीत डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदाची ‘मँतेका’ ही ३० डिसेंबर १९४७ रोजी ध्वनिमुद्रित झालेली रचना होती. काँगा वाजवीत होता चानो पोसो, हवानाच्या गरीब वस्तीतून न्यूयॉर्कला आलेला कृष्णवर्णीय वादक.

या रचनेची घडण ख्यालावर वाढलेल्या कानाला प्रथम कोड्यात टाकते. तीत एक स्वरवाक्य क्रमाने विस्तारत जात नाही. आधी खर्जातील तंतुवाद्य एक लहानसा तुकडा धरून ठेवते, त्याखाली काँगा येतो, मग सॅक्सोफोन आणि ट्रंपेट आपापला तुकडा घेऊन एकावर एक बसतात. प्रत्येक तुकडा जवळजवळ तसाच राहतो. बदलते ते त्यांचे परस्परांत गुंतणे. मध्येच गिलेस्पीने रचलेला जॅझच्या स्वरसंवादांचा भाग उघडतो आणि रचना पुन्हा मूळ ठेक्यावर येते. या साऱ्यामागे ‘क्लावे’ हे तत्त्व असते: दोन मात्रागटांत वाटलेले पाच आघात, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. दोन लाकडी दांड्यांवर ते वाजविले जाते. अनेकदा वाजविलेही जात नाही, पण सर्व वादक ते मनात धरून असतात. आपल्याकडे श्रोता समेची वाट पाहतो. येथे तीन आणि दोन यांच्यातला ताण मिटत नाही, तोच रचनेला पुढे ढकलतो. प्राध्यापकांचा आस्वाद या आकलनापर्यंत पोचला होता आणि तेथे तो समाधानाने थांबला होता.

त्या काळी त्यांचे वडील अमरावती जिल्ह्यातील गाव सोडून मुलाकडे राहावयास आले होते. एका संध्याकाळी ही फीत चालू असताना ते दाराशी उभे राहिले, शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, ‘‘थो कोनासाठी वाजवून राह्यला?’’

प्रश्न साधा होता, पण तो विचारणाऱ्या माणसाचा इतिहास साधा नव्हता. गावकीच्या रिवाजाप्रमाणे या घराकडे डफडे होते. पाटलाच्या घरचे लग्न असो, पोळ्याचे तोरण असो, निरोप आला की जायचे, मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे आणि पदरात पडेल ते घेऊन परतायचे. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातील प्रवेशासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, तेव्हापासून वऱ्हाडात या कामांविषयीची अस्वस्थता उघडपणे बोलली जाऊ लागली होती. वडील १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेसाठी बडनेऱ्याहून गाडीने नागपूरला गेले. परत आले त्या दिवशी त्यांनी डफडे खाली ठेवले, ते पुन्हा उचलले नाही. वाजविण्यात त्यांचा हात गावात सर्वांत चांगला होता, असे जुनी माणसे सांगत. मुलाने मात्र तो कधीच ऐकला नाही.

‘‘कोणासाठी’’ या प्रश्नाला तत्काळ उत्तर देता आले नाही, म्हणून प्राध्यापक त्या संगीताच्या इतिहासाकडे वळले. क्यूबात गुलामगिरी संपली १८८६ मध्ये. तोवर उसाच्या मळ्यांवर आणि शहरांत आणलेल्या आफ्रिकी माणसांना ‘काबिल्दो’ नावाच्या आपापल्या मंडळांतून सणावारी ढोल वाजविण्याची मुभा होती. ती वारंवार आवळली गेली. १९०० साली हवानात आफ्रिकी ढोलांवर बंदी आली. ढोल नव्हते तेव्हा बंदरावरच्या हमालांनी माल भरून येणाऱ्या लाकडी खोक्यांवर रुंबा वाजविला. ‘काहोन’ या वाद्याचे मूळ त्या खोक्यांत आहे. आफ्रिकी दैवतांचे बाता ढोल ख्रिस्ती संतांच्या नावाआड जपले गेले. चानो पोसो हा स्वतः ‘आबाकुआ’ या गुप्त बंधुसंघाचा सदस्य होता. न्यूयॉर्कमध्ये मारियो बाउसा आणि माचितो यांनी १९४० मध्ये उभारलेल्या वाद्यवृंदाचे नाव ‘आफ्रो-क्यूबन्स’ असे ठेवले, यात एक भूमिका होती. पुढे बाजाराने रूढ केलेल्या ‘लॅटिन’ या शब्दात ती भूमिका विरून गेली. स्पॅनिश भाषा उरली, आफ्रिका दिसेनाशी झाली.

येथे दोन इतिहासांची तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती तुलना वरवर सोपी वाटते: तेथेही दलित, येथेही दलित, तेथेही कातडे, येथेही कातडे. प्राध्यापकांना जाणवले ते याच्या उलट होते. क्यूबात ढोल हिरावला जात होता, म्हणून तो धरून ठेवणे ही मुक्ती होती. वऱ्हाडात डफडे लादलेले होते, म्हणून ते खाली ठेवणे ही मुक्ती होती. एकाची स्मृती वाजविण्यात जिवंत राहिली, दुसऱ्याचा स्वाभिमान न वाजविण्यात. फर्नांडो ऑर्तिझ या क्यूबन विचारवंताने १९४० मध्ये दोन संस्कृती एकमेकींना बदलत नेतात त्या प्रक्रियेसाठी नवी संज्ञा घडविली. तिच्या साहाय्याने ‘मँतेका’तील जॅझ आणि क्यूबन ठेका यांचे नाते नीट उलगडते. परंतु ज्या मौनात एक उत्तम हात कायमचा थांबला, त्या मौनाचा अर्थ या संज्ञेत मावत नाही. वाद्याचा अर्थ त्याच्या कातड्यात नसतो, तो बोलावणे कोणाचे यावर ठरतो. त्याच अमरावती जिल्ह्यात मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या हातातील खंजिरीपुढे गावे आदराने बसत होती. खंजिरीलाही कातडेच असते.

या दृष्टीने वडिलांच्या आयुष्यातील एक विसंगती, जी मुलाला पूर्वी केवळ गमतीची वाटे, अर्थपूर्ण ठरते. घरात ढोलकीसुद्धा येऊ न देणाऱ्या या माणसाने १९५१ चा ‘अलबेला’ तीनदा पाहिला होता. त्याचा नायक आणि दिग्दर्शक भगवान हा अमरावतीत जन्मलेला, गिरणी कामगाराचा मुलगा. संगीतकार सी. रामचंद्र यांनी त्यातील ‘शोला जो भडके’ या गाण्यात बोंगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट वापरले होते, आणि त्यांच्या साथीला चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे जॅझ वादक होते. म्हणजे क्यूबाचा बोंगो अनेक हातांतून फिरत वऱ्हाडच्या या प्रेक्षकापर्यंत आधीच पोचला होता. त्या ठेक्यावर कोणाचा हुकूम नव्हता. तिकीट काढून, खुर्चीवर बसून तो ऐकता येत होता. लय सार्वत्रिक असेल. पण ती ऐकण्याची जागा सार्वत्रिक नसते, ती मिळवावी लागते.

काही महिन्यांनी प्राध्यापकांनी वडिलांना जमेल तसे सांगितले: हे लोक गुलाम होते, ढोलाला बंदी होती, तरी त्यांनी तो सोडला नाही, हा वाजविणारा वर्षभरात, ३३ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये गोळी लागून गेला. वडिलांनी पुन्हा विचारले, त्याला वाजवायला बोलावणे कोणाचे येत होते? मुलगा म्हणाला, बोलावणे नव्हते, उलट मनाई होती. आपल्या माणसांसाठी आणि आपल्या देवांसाठी वाजवीत असत.

म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘मंग वाजू दे.’’ आणि त्या संध्याकाळी, मुलाने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले, त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर ठेका धरीत होती.