मेलेली भाषा पत्र लिहिते!

आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या समुद्रात एक छोटंसं बेट आहे, आइल ऑफ मॅन. त्याच्या दक्षिणेला टेकडीवर वसलंय क्रेगनीश गाव. दगडी घरं, त्यांवर गवताची छपरं. वाऱ्याने उडू नयेत म्हणून ती चक्क दोरांनी भिंतीतल्या दगडांना बांधलेली!

लहानपणी नेड मॅड्रेल इथे नात्यातल्या एका आजीकडे राहायचा. आजीला इंग्रजी येत नव्हतं. मग काय, नेड तिच्याशी मँक्स बोलू लागला. मँक्स ही गेलिक भाषा; आयरिश आणि स्कॉटिश गेलिक या तिच्या सख्ख्या बहिणी. तिघीही 'तीन'ला म्हणतात 'त्री'. संस्कृतातलं 'त्रि' आठवलं ना? लांबचं का होईना, नातं आहे बरं का!

पुढे नेड मच्छीमार झाला. बेटावर मात्र इंग्रजी पसरली. मँक्स शिकून पोट कसं भरणार, असं आईवडिलांना वाटू लागलं. लहानपणापासून मँक्स बोलणारे शेवटचे गृहस्थ, आपले नेडआजोबा, १९७४ साली वारले. पण काही तरुण त्यांच्याजवळ बसून ही भाषा शिकले होते. त्यांच्यासारख्यांनी ती टिकवली. २००१ मध्ये चक्क मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली!

२००९ साली युनेस्कोने मँक्स 'मृत' ठरवली. शाळेतल्या मुलांनी पत्रं धाडली, तीही मँक्समध्ये. भाषा मेली असेल, तर आम्ही हे लिहितोय कोणत्या भाषेत?

युनेस्कोला तो शेरा बदलावा लागला. सेंट जॉन्स गावातल्या त्या शाळेत मुलं आजही मोजताना 'त्री' म्हणतात.