पोकलेनचे सांधे सांभाळा



आपल्या नगर जिल्ह्याला, २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, पाण्याची चिंता पिढीजात. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि खोदाईच्या यंत्रांना गावोगावी काम मिळाले. पाइपलाइनची चारी, फळबागेचे खड्डे यांनाही आता लहान पोकलेन बोलावतात. माझ्या पुतण्याने कर्ज काढून एक घेतले आहे. यंत्र उभे राहिले तरी हप्ता थांबत नाही. म्हणून त्याच्या सांध्यांविषयी चार गोष्टी सांगतो.

बूम, आर्म आणि बकेट मिळून पोकलेनचा हात होतो. प्रत्येक सांध्यात पोलादी पिन आणि तिच्याभोवती बुश असतो. बैलगाडीचे चाक आखावर फिरते, त्यातलाच हा प्रकार. चाक कुरकुरले की जुने गाडीवान आधी वंगण घालीत, मग पुढे जात. इथेही तेच. मुरमाची बारीक धूळ कोरड्या सांध्यात शिरली की कानशीसारखी पोलाद खाते.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या यंत्राची बकेट डुलू लागली. चारीची कड सरळ निघेना. एका कारागिराने बकेटची पिन वेल्डिंगने भरून दिली. काही दिवसांत पुन्हा तीच गत. दुसऱ्या मिस्त्रीने सगळे सांधे तपासले, तेव्हा मोठी झीज बूमच्या बुडाशी सापडली. बुडाशी जरा ढिलाई असली तरी लांब हाताच्या टोकाला ती कितीतरी पट दिसते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असे झाले होते. शिवाय पिनेचा पृष्ठभाग मुद्दाम कठीण केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कठीणपणा जातो.

वाचकहो, दुरुस्तीचा क्रम ध्यानात ठेवा. बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करा आणि पुस्तिकेप्रमाणे तेलाचा दाब उतरवा. बूमखाली लाकडी ओंडके पक्के रचा. नुसत्या तेलाच्या दाबावर उचललेल्या हाताखाली कोणीही जाऊ नये. पिन ठोकताना डोळ्यांना चष्मा हवाच, कारण पोलादाची कपची उडते. काढलेली पिन व्हर्नियरने ठिकठिकाणी मोजा. फक्त बुश झिजला असेल तर तेवढाच बदला. पिनेला पायरी पडली असेल तर दोन्ही नवे घाला. नवा बुश चांगला गार केला की किंचित आकसतो आणि सहज बसतो. त्याचे भोक ग्रीसच्या वाटेसमोर आले पाहिजे, नाहीतर ग्रीस आत पोचतच नाही. धूळ अडवणारे सीलही नवे घाला.

आणखी उशीर झाला, तर बुश ज्या घरात बसतो ते घरच लांबट होते. मग ते वेल्डिंगने भरून लाइन बोरिंगने पुन्हा गोल करावे लागते. तो खर्च बुशच्या किमतीपेक्षा फार मोठा. पुतण्या त्यातून थोडक्यात वाचला.

आता तो रोज काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सांध्याला ग्रीस देतो, जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत. चिखलातले काम असेल तर संध्याकाळीही देतो. त्याची बायको कॅलेंडरवर खूण करते. खूण नसेल त्या दिवशी चहा उशिरा मिळतो! तुमच्या घरी यंत्र असेल तर अशी खूण करायला आजच सुरुवात करा. ग्रीसचा डबा फार महाग नाही.